ताटाची डावी बाजू

ऑगस्ट २०२२ मध्ये माझ्या पतींच्या रक्ततपासणीचा अहवाल आला. त्यात गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारा एचबीए१सीचा आकडा ६.१ होता. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, हे डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावले. औषध इतक्यात नको, जेवण आणि चालणे सुधारा, तीन महिन्यांनी पुन्हा या, एवढे सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवले. त्या वेळी माझे पती शेहेचाळीस वर्षांचे होते, सासूबाई सत्तरीच्या, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. एकाच्या अहवालासाठी पाच जणांचे जेवण बदलायचे, की त्यांच्यापुरते पथ्याचे ताट वेगळे मांडायचे, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न होता. वेगळ्या ताटाला माझी तयारी नव्हती. माहेरी माझ्या वडिलांचे पथ्याचे ताट मी कित्येक वर्षे पाहिले आहे. सगळे श्रीखंड खात असताना एकट्याच्या ताटात दुधीची भाजी आली की ती शिक्षेसारखी वाटते, आणि शिक्षा झालेले माणूस संधी मिळताच रात्री फडताळ उघडते. शिवाय त्यांना जो आजार होऊ घातला होता, त्याची वाट आमच्या सगळ्यांच्याच जेवणातून जात होती. पुढल्या वर्षी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देशात १० कोटींहून अधिक मधुमेही व त्याखेरीज सुमारे १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत असे वाचले, तेव्हा आमचे घर किती मोठ्या रांगेत उभे आहे ते कळले.

सुरुवात मी अगदी चुकीची केली. एका रविवारी सगळ्यांना बसवून मी जाहीर केले की उद्यापासून घरात साखर, मैदा, तळण आणि पांढरा भात बंद. हातसडीचा तांदूळ, ओट्स, सॅलडच्या पानांची पिशवी आणि महागडे ऑलिव्ह तेल असे सामान मी एका दिवसात आणले. नऊ दिवस हे चालले. मुलगी डबा तसाच परत आणू लागली आणि मैत्रिणींच्या डब्यात जेवू लागली. मुलगा संध्याकाळी शेजारी खेळायला जाई आणि बिस्किटे खाऊन येई. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटातले निम्मे तसेच ठेवून उठू लागल्या, आणि आमच्या घरात त्यांचे न बोलणे हेच सर्वांत मोठे बोलणे असते. माझे पती तेवढे निमूटपणे खात होते, पण ऑफिसातून येताना त्यांनी वडापाव खाल्ल्याचे शर्टाच्या खिशातल्या कागदावरून मला कळले. दहाव्या दिवशी मी पूर्वीसारखा वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या, सगळे पोटभर जेवले, आणि मी एक वही काढली.

त्या वहीत मी मागच्या तीन महिन्यांच्या किराण्याच्या याद्या उतरवल्या. माणूस काय खातो हे त्याला विचारले तर तो आठवेल तसे आणि आवडेल तसे सांगतो. किराण्याची यादी मात्र खरे सांगते. आमच्या घरी महिन्याला ५ किलो साखर आणि ६ लिटर तेल येत होते. पाच माणसे आणि तीस दिवस धरले, तर माणशी रोज ३३ ग्रॅम साखर आणि ४० मिलिलिटर तेल होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत. २००० उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आमची ३३ ग्रॅम ही फक्त डब्यातली साखर होती. बिस्किटे, जॅम, सॉस, बाहेरची मिठाई आणि सरबताच्या बाटल्या यांतली साखर त्यात धरलेलीच नव्हती. डाळी पाच माणसांत मिळून जेमतेम ४ किलो येत होत्या, आणि कडधान्य म्हणाल तर पाव-पाव किलोच्या मटकी-मुगाच्या पुड्या, त्यांतली एखादी महिनाअखेरीस तशीच शिल्लक. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचे यादीत नावही नव्हते. काय काढून टाकायचे, यापेक्षा काय अजिबात येतच नाही, हे त्या वहीने मला आधी दाखवले. त्यानंतर मी घरात एकही घोषणा केली नाही.

साखरेपासून आरंभ करणे सोपे होते, कारण ती कुठे जाते हे मोजता येत होते. साखरेच्या डब्यातला आमचा चमचा शिगोशीग भरला की त्यात ८ ग्रॅम साखर मावत होती. तीन मोठ्या माणसांचा तीन-तीन वेळचा चहा म्हणजे रोज ७२ ग्रॅम, महिन्याला दोन किलोंहून अधिक. मुलांच्या दोन वेळच्या दुधात आणखी एक किलो. मी आधी चमचा बदलला. मसाल्याच्या डब्यातला लहान चमचा साखरेच्या डब्यात आला आणि काही दिवस दीड-दीड चमचा पडू लागला. मग दर पंधरा-वीस दिवसांनी थोडे थोडे कमी करत गेले. एका कपामागे ८ ग्रॅमवरून ३ ग्रॅमवर यायला सात महिने लागले. मध्ये एकदा, दिवाळीनंतर, मी घाईने मोठी उडी घेतली तेव्हा सासूबाईंनी कप खाली ठेवून, “अगं, साखर संपली का?” असे विचारले आणि मला दोन पायऱ्या मागे यावे लागले. जीभ सवयीने बदलते, पण तिला वेळ द्यावा लागतो. आज आमच्याकडे कुणी पूर्वीच्या मापाने चहा केला तर तो आम्हालाच पिववत नाही. या सगळ्या काळात एक सल्ला मला अनेकांनी प्रेमाने दिला, तो म्हणजे साखरेऐवजी गूळ घाला. गुळाची चव मला आवडते आणि गुळाची पोळी गुळाचीच हवी, पण रक्तातल्या साखरेचा प्रश्न असेल तर गूळ ही साखरच आहे, आणि गुळात असलेल्या लोहाचा लाभ होण्याइतका गूळ खाल्ला तर त्यासोबत जाणारी साखर कितीतरी अधिक असेल. म्हणून चहात गूळ घालून आम्ही स्वतःची समजूत घातली नाही.

तेलाच्या बाबतीत माझ्या हाताचा दोष होता. कॅनमधून कढईत तेल ओतताना अंदाज राहत नाही. मी दर सोमवारी आठवड्याचे तेल एका लहान बरणीत काढून ठेवू लागले आणि फोडणीला पळीऐवजी चमच्याने तेल घेऊ लागले. मोहरी तडतडायला आणि हिंग-हळदीचा वास खुलायला तेल लागते, हे खरे. पण त्यासाठी दोन चमचे पुरतात, बाकीचे तेल आपण भाजी करपू नये म्हणून घालतो. त्यासाठी आपल्याकडे जुना उपाय आहेच: झाकणात पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवणे. माझी आजी असे करत असे आणि मी ते विसरले होते, कारण गडबडीत मोठ्या आचेवर परतलेली भाजी लवकर होते. झाकणातले पाणी गरम झाले की तेच भाजीत घालायचे, म्हणजे भाजीचा रंगही टिकतो. दुसरी गोष्ट दाण्याच्या कुटाची. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते; ज्या भाजीत मूठभर कूट पडणार आहे, तिच्या फोडणीत पळीभर तेल घालण्याची गरज नाही, हे कळायला मला लग्नानंतर सोळा वर्षे लागली याचे वाईट वाटते. मिठाचा प्रश्न लोणचे आणि पापड रोजच्या ताटातून काढून सणवारापुरते ठेवल्यावर बराच सुटला. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभरापेक्षा थोडे कमी, ही मर्यादा आम्ही अजून नेमकी गाठलेली नाही, पण तिच्या जवळ आलो आहोत.

खरे काम होते ताटाचे. आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात किंवा पोळी, आणि डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. पंगतीत डावी बाजू चवीपुरती वाढायची हा रिवाज असतो, आणि पंगतीत तो शोभतोही. आमच्या घरात मात्र ती रोजच्या जेवणातही चवीपुरतीच राहिली होती. किंबहुना डावीकडे लोणच्याखेरीज काही नसे. एका गुरुवारी मी दिवसभरात पाच माणसांसाठी चिरलेली सगळी भाजी बटाटे वगळून वजनकाट्यावर ठेवली. ती ६०० ग्रॅम भरली, म्हणजे माणशी १२० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत निम्मे ताट भाज्या-फळांचे असावे आणि तृणधान्यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत असे म्हटले आहे. आमच्या ताटात पोळी, भात आणि बटाटा मिळून किती होत असतील, ते मी मोजलेही नाही. ताटाकडे पाहूनच कळत होते.

डावी बाजू वाढवायची, एवढेच मी ठरवले. उजवीकडच्या कुठल्याही पदार्थाला हात लावला नाही, फक्त कोशिंबिरीची चिमूटभर जागा वाटीभर केली आणि ती वाटी सर्वांत आधी, भूक कडकडून लागलेली असताना, ताटात ठेवू लागले. काकडी दाण्याच्या कुटाची, गाजर लिंबू आणि हिरव्या मिरचीचे, कोबीची पचडी, दह्यातले बीट, दुधीचे भरीत, थंडीत मुळा, आणि कोवळी मेथी मिळाली की कच्च्या मेथीची पचडी. सॅलडची पाने नऊ दिवसांत कुजून गेली होती, पण कोशिंबीर कुणी नाकारली नाही, कारण ती ओळखीची होती. पालेभाजीचे काम निराळे: ती निवडायला वेळ लागतो, आणि नोकरी करणाऱ्या बाईच्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा होते याचे कारण आवड-नावड नसून निवडण्याचा अर्धा तास हे असते. सासूबाईंनी ते काम संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी स्वतःकडे घेतले, आणि तांदुळजा, चुका, शेपू, अंबाडी, चाकवत ही नावे आमच्या मुलांना त्यांच्या मांडीजवळ बसून कळली. आज आमच्याकडे रोज दीड ते पावणेदोन किलो भाजी लागते. फळे धरून आम्ही चारशे ग्रॅमच्या आसपास पोहोचतो, आणि पावसाळ्यात भाजी महागली की खाली घसरतो.

आता भाकरीविषयी, कारण याच ठिकाणी मला सर्वांत अधिक अडचण आली आणि याच ठिकाणी मी सर्वांत अधिक शिकले.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातल्या. हा सगळा भाग ज्वारीचा. तिथल्या काळ्या जमिनीत रब्बीची मालदांडी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुष्काळात बादशाही कोठारातले धान्य उपाशी लोकांना वाटून टाकणाऱ्या दामाजीपंतांची कथा त्याच गावची. म्हणून भाकरीचा प्रस्ताव सासूबाईंना आवडेल, असे मी गृहीत धरले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले की २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष आहे, भारतानेच संयुक्त राष्ट्रांत तसा प्रस्ताव मांडला होता, सरकार आता ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ म्हणते, तेव्हा आपणही रात्री भाकरी करू या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आम्ही जन्मभर भाकरी खाल्ली ती काय हौसेनं? माझ्या लेकाला तरी चपाती खाऊ दे.”

दोन-तीन दिवसांनी त्यांनी आपण होऊन अधिक सांगितले. १९७२ च्या दुष्काळात त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या आणि सरकारी कामावर खडी फोडायला जात होत्या. घरची ज्वारी संपली होती. मजुरांना सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. त्या मिलोची भाकरी कशीही केली तरी घशाखाली उतरत नसे, असे त्या सांगतात. त्यांच्या घरात गहू सणाला आणि पाहुण्याला. पाहुणा उठल्यावर एखादी चपाती उरली, तर ती मुलांना वाटून मिळे. “लेकाला रोज पाहुण्यासारखं जेवू घालायचं, एवढीच माझी इच्छा होती,” हे त्यांचे वाक्य ऐकल्यावर मी भाकरीचा विषय पुन्हा काढला नाही. ज्याला मी आरोग्याचा प्रश्न समजत होते, तो त्यांच्यासाठी आपल्या संसाराने किती मजल मारली याचा हिशेब होता, आणि तो हिशेब माझ्या वहीत कुठेच नव्हता. पोषणाचे सल्ले देणाऱ्या अनेकांनी आपली आजी जे खात होती तेच खा असे सांगितले आहे. आजीला ते खाताना काय वाटत होते हे विचारल्याशिवाय असे सांगू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

मार्च २०२३ मध्ये एका लग्नासाठी आम्ही त्यांच्या माहेरी गेलो. ज्वारीची काढणी-मळणी उरकत आली होती. त्यांच्या भावाने घरातल्या पोत्यात हात घालून मूठभर मालदांडी त्यांच्या तळहातावर ठेवली. टपोरा, पांढरा, किंचित पिवळसर झाक असलेला तो दाणा त्यांनी बराच वेळ बोटांनी फिरवून पाहिला आणि वीस किलो ज्वारी आमच्या गाडीत ठेवायला त्यांनीच सांगितले. पुण्याला परतल्यावर पहिली भाकरी त्यांनी स्वतः केली, आणि माझ्या पतींनी आईच्या हातची भाकरी बऱ्याच वर्षांनी खाल्ली. ती त्यांनी कशी खाल्ली याचे वर्णन मी करणार नाही. पण त्यानंतर रात्री भाकरी करावी का, हा प्रश्न घरात उरला नाही. कोणी करावी, हा प्रश्न मात्र उरला, आणि तो अधिक अवघड होता.

पोळीने भाकरीला शहरी स्वयंपाकघरातून बाहेर काढले त्याची कारणे कष्टाच्या हिशेबात आहेत. सकाळी सहाला केलेली पोळी दुपारी डब्यात मऊ राहते. भाकरी काही तासांत कडक होते. कणीक एकदा मळून ठेवता येते; भाकरीचे पीठ एकेका भाकरीपुरते ऐन वेळी मळावे लागते. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी नगावर पैसे घेतात आणि भाकरीचा दर वेगळा सांगतात, ते योग्यच आहे, कारण भाकरीला हात अधिक लागतो. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते. गव्हाच्या कणकेला ताणले तरी न तुटणारा जो चिवटपणा येतो तो ज्वारीच्या पिठाला येत नाही. गरम पाण्याने पिठातला पिष्टमय भाग चिकट होतो आणि तळव्याने रगडून रगडून मळले की तेवढ्यावरच भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा चिरतात, म्हणून आम्ही एका वेळी चार किलोंहून अधिक ज्वारी गिरणीत देत नाही आणि आठ-दहा दिवसांत पीठ संपवतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे, ते सुकते न सुकते तोच उलटायची, आणि मग आचेवर धरून पापुद्रा सुटू द्यायचा. यातली प्रत्येक गोष्ट वाचून कळते, पण हाताला कळायला दोन महिने लागतात.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही. माझे ऑफिस साडेसहाला सुटते. तेव्हा भाकरी माझ्या पतींनी शिकावी असे ठरले, आणि ते ठरवणे त्यांच्या आईला फारसे रुचले नाही, हेही मी लिहून ठेवते. पहिले काही आठवडे त्या शेजारी खुर्चीवर बसून, “पाणी कमी झालं, रगड अजून,” असे सांगत राहिल्या. आरंभीच्या भाकऱ्या जाड झाल्या, फुटल्या, तव्याला चिकटल्या, आणि आम्ही त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. जूनपर्यंत त्यांच्या भाकऱ्या फुगू लागल्या. त्यानंतर मुलीने हौसेने शिकून घेतले. आज आठवड्यातले चार दिवस रात्री भाकरी होते, त्यांतले दोन दिवस ते करतात, एक दिवस मुलगी आणि एक दिवस मी. हे काम एकट्या बाईवर पडले असते तर भाकरी आमच्या घरात दोन महिनेही टिकली नसती, याची मला खात्री आहे.

भाकरीने साखर उतरते असे मी कुणाला सांगत नाही. सबंध गव्हाच्या पिठात आणि ज्वारीच्या पिठात तंतूंचे प्रमाण जवळपास सारखेच असते, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देण्याची माझी सवय ही गव्हाची चूक नव्हती. तीन भाकऱ्या नुसत्या ठेच्याशी खाल्ल्या तर शरीरात पिष्टच जाते. भाकरीचा खरा लाभ तिच्या सोबत्यांमुळे होतो. सासूबाईंच्या भाषेत भाकरीला ‘कोरड्यास’ लागते: डाळ घालून केलेली पालेभाजी, मटकीची उसळ, पिठले, कण्या घातलेली अंबाडी, वर जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरीच्या रात्री आमच्याकडे बटाट्याची भाजी शोभत नाही आणि नंतर भातही कुणी मागत नाही. म्हणजे एका भाकरीपाठोपाठ डाळ आली, कडधान्य आले, पाला आला, आणि भाताची एक वेळ न सांगता गेली. डब्यासाठी पोळी राहिलीच. तिच्या पिठात पाच किलो गव्हाला एक किलो ज्वारी आणि अर्धा किलो हरभरा आम्ही मिसळतो. यापेक्षा ज्वारी वाढवली की पोळी दुपारपर्यंत वातड होते आणि मुलांचा डबा परत येतो, म्हणून तिथेच थांबलो.

मुलांच्या बाबतीत जेवणापेक्षा दुपारच्या भुकेचा प्रश्न मोठा होता. शाळेतून साडेचारला आल्यावर हाताला जे लागेल ते खाल्ले जाते, आणि हाताला बिस्किटांचा पुडा लागत होता. मी बिस्किटे बंद केली नाहीत. ती वरच्या कप्प्यात गेली आणि खालच्या कप्प्यात ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, फुटाणे, शेंगदाणे आणि उकडलेली अंडी आली. टोपलीतले पेरू तसेच पिकून जात, पण तेच पेरू चिरून, मीठ-तिखट न घालता, टेबलावर ठेवले की पंधरा मिनिटांत संपत. या एका निरीक्षणाने आमच्या घरात फळे खाल्ली जाऊ लागली, आणि ऑफिसला निघताना फळे चिरून झाकून ठेवणे ही आता ज्याची त्या दिवशी पाळी असेल त्याची जबाबदारी आहे. शनिवारचा वडापाव आम्ही मुद्दाम ठेवला आहे. होळीची पुरणपोळी तुपाच्या धारेसह होते, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी असते, आणि गणपतीत मोदकांना माप लावलेले मला खपत नाही. सणाचे जेवण वर्षातून वीस-पंचवीस दिवसांचे. आमचा प्रश्न उरलेल्या तीनशे चाळीस दिवसांचा होता.

उपवासांना मात्र मी हात लावणार नव्हते, कारण पंढरपूरच्या इतक्या जवळ जन्मलेल्या बाईच्या एकादशीत सुनेने सल्ले देऊ नयेत. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो आणि त्याची खिचडी तुपात-दाण्यात भरपेट खाऊन माझे पती महिन्यातून दोनदा उपवास करत, याची काळजी मला वाटत होती. २०२४ च्या आषाढीला सासूबाईंनीच वरीचा भात आणि दाण्याची आमटी केली, सोबत काकडीची कोशिंबीर ठेवली, आणि साबुदाण्याची खिचडी प्रत्येकाला एकेक वाटी वाढून पातेले आत नेऊन ठेवले. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

माझ्या पतींचा आकडा पहिल्या तीन महिन्यांत ६.१ वरून ६.० वर आला, वर्षभराने ५.८ झाला आणि गेली दीड वर्षे तो ५.७ च्या आसपास आहे. या काळात ते रोज संध्याकाळी चाळीस मिनिटे चालूही लागले, तेव्हा याचे श्रेय जेवणाला किती आणि चालण्याला किती, हे मला वेगळे काढता येत नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी पोळी-भात एकदम कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आमच्या वहीतला अलीकडचा महिना असा आहे: साखर पावणेदोन किलो, तेल साडेतीन लिटर, डाळी आणि कडधान्ये मिळून नऊ किलो, ज्वारी बारा किलो. एकूण खर्च मात्र कमी झालेला नाही. चांगली मालदांडी आज गव्हापेक्षा महाग मिळते, भाजी तिपटीने लागते आणि फळांचा खर्च नव्याने आला. तेल-साखर-फरसाणात वाचते ते सगळे तिकडे जाते आणि वर थोडे अधिकही लागते. ज्या घरात महिन्याचा शेवटचा आठवडा ओढाताणीचा असतो, तिथे हे सगळे आमच्यासारखे करता येणार नाही. तिथे मी आधी मोड आलेली मटकी आणि डाळ घातलेली पालेभाजी एवढेच सुचवीन.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत मुलगी मोबाईलवरून नूडल्स मागवते आणि मी पाहून न पाहिल्यासारखे करते. दुपारच्या भाताचे प्रमाण माझे स्वतःचेच कमी होत नाही. भाकरी डब्यात न्यावी अशी मुलाची फार इच्छा आहे. आजीने त्याला सांगितले आहे की शेतावर नेलेली भाकरी दुपारी दह्यात किंवा ताकात कुस्करून खायची असते, पण ताकाचा डबा दप्तरात एकदा सांडल्यापासून तो प्रयोग थांबला आहे. या महिन्याची यादी लिहायला बसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एक किलो हुलगे लिही. थंडी पडली की शेंगोळे करू.” मी लिहिले. कोपऱ्यावरच्या दुकानात हुलगे नव्हते. महात्मा फुले मंडईजवळ मिळतील असे दुकानदार म्हणाले, तेव्हा रविवारी मुलाला घेऊन तिकडे जायचे ठरले आहे.